१४ वर्षं उभी असलेली पद्मिनी: इतक्यात सेल्फ मारू नका

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९७९ची प्रीमियर पद्मिनी सांगलीच्या घरी शेडमध्ये १४ वर्षं उभी आहे, आणि मेहुणे म्हणतात नवीन बॅटरी टाकून सेल्फ मारून बघू. कृपया त्यांना थांबवा. हीच चूक मी काकांच्या १९६८च्या फियाट डिलाइटवर (पद्मिनीचीच आधीची गाडी) केली होती. गाडी ९ वर्षं उभी होती. प्लग साफ केले, बॅटरी लावली, सेल्फ मारला. इंजिन दोन फेरे फिरलं आणि आतून 'टक्' आवाज आला. टॅपेट कव्हर (इंजिनवरचं, व्हॉल्व्ह झाकणारं झाकण) काढलं तर एक पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, धनुष्यासारखा वाकलेला. व्हॉल्व्ह त्याच्या नळीत (गाइडमध्ये) गंजून अडकला होता आणि सेल्फने जोर लावून पुशरॉड वाकवला. हाताने फिरवलं असतं तर अडकतंय हे हातालाच कळलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे चारही प्लग काढा. इंजिन बंद पडतं तेव्हा एखाद-दुसऱ्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो, तिथून दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा गंजून सिलेंडरच्या भिंतीला (बोअरला) धरतात. प्रत्येक भोकातून निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं ३०-४० मिली सोडा आणि चार दिवस गाडीला हात लावू नका. नंतर टॅपेट कव्हर उघडा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हळूहळू फिरवा. दुसऱ्या कुणाला तरी वरून बघायला सांगा. आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर आले पाहिजेत. एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा, त्यावर ऑइल सोडा, प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोके द्या. पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे प्लग परत बसवतानाही आटे आधी हातानेच धरू द्या.

एअर फिल्टर उघडायला विसरू नका. आमच्या डिलाइटच्या फिल्टरमध्ये उंदराने ज्वारीची पानं आणि सीटचा काथ्या भरून घर केलं होतं. उंदीर तिथपर्यंत पोचला म्हणजे वायरिंगही कुरतडलेलं असणार असं धरूनच चाला. बॅटरी जोडण्याआधी सगळ्या वायरी बोटांखालून घाला.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि ते कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात) चिकट थर धरतं. टाकी उतरवून घ्या, आतला गंज निघेपर्यंत धुवा आणि पूर्ण वाळू द्या. तिला झाळ किंवा वेल्डिंग घरी अजिबात नको, रिकाम्या टाकीतली वाफही पेटते. रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) नवीनच टाका, तेही इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे. आता पेट्रोल भरायच्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने फुगतं. कार्ब्युरेटर पूर्ण खोलून जेट हवेने साफ करा. जेटमध्ये तार घालायचा मोह होईल, पण भोक मोठं झालं तर गाडी कायमची पेट्रोल पिते. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर (ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क) पांढुरकी बुरशी धरलेली असेल, ती बारीक पॉलिश पेपरने काढा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) साधारण ०.४५ मिमी गॅप ठेवा.

आता ब्रेक, आणि इथे मी जरा हट्टाने सांगतो. इंजिन चालू व्हायच्या आधी ब्रेक व्हायला हवेत. चारही चाकांना ड्रम आहेत, ब्रेक ऑइल पाणी ओढतं आणि व्हील सिलेंडर (चाकातले ब्रेक दाबणारे छोटे सिलेंडर) आतून गंजतात. पेडल घट्ट लागलं तरी विश्वास ठेवू नका. सगळे ड्रम काढा, सगळे रबर बदला, पेडलला जोडलेल्या मास्टर सिलेंडरचेसुद्धा. गाडी सुरू झाली की घरातलं कुणी ना कुणी 'गल्लीच्या टोकापर्यंत तरी' म्हणतंच, आणि वडिलांची गाडी असली की आपल्यालाही नाही म्हणवत नाही. टायरना चिरा असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, तेही बदला.

पार्टची काळजी करू नका. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून कायमची हटली, पण तिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. चोरबाजारात आणि कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना माल फिरून बघा, जुना पार्ट सोबत न्या.

मग नवीन ऑइल, नवीन पाणी. प्लग न लावताच सेल्फ थोडा थोडा मारा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. तो विझल्यावरच प्लग लावा आणि चोक ओढा. सुरू झाल्यावर रेस करू नका. पहिली काही मिनिटं सायलेन्सरमधून पांढरा धूर येईल, ते आपण घातलेलं डिझेल-ऑइल जळतंय. २० मिनिटांनी बंद करून गरम असतानाच ऑइल काढून टाका, पुन्हा नवीन भरा.

कागदपत्रंही आत्ताच बघा. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तुमची संपून बराच काळ झाला असणार. ५० वर्षांनंतरची व्हिंटेज नोंदणी तुम्हाला अजून लागू नाही.

चार दिवसांनी पान्याने पुली हलली का, तेवढं इथे कळवा. नाही हलली तर हेड काढावं लागेल, त्याचं मी सविस्तर सांगतो.