अभय योजनेची वाट बघायची की आत्ताच रिटर्न भरायचं?

कुपवाडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरचा भडंगाचा व्यवसाय, शॉप अ‍ॅक्ट आणि बँक खातं मिस्टरांच्या नावावर, गेल्या वर्षी विक्री 38 लाखाच्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त स्कॅनरवर. सगळा खर्च जाऊन 2023-24 ला 7 लाख 60 हजार उरले, 2024-25 ला 8 लाख, 2025-26 ला 9 लाख. इन्कम टॅक्स रिटर्न आजवर एकदाही भरलेलं नाही. आता पॅकिंग मशीन घ्यायचंय, 6 लाख आणि वर 18 टक्के जीएसटी, आणि बँक तीन वर्षांची रिटर्न मागतेय. पतसंस्थेत 4 लाखांची ठेव आहे. दीर म्हणतात ठेव मोडू नका, छोट्यांसाठी सरकार अभय योजना आणतंच, कर्नाटकात नाही का माफ केलं. आणि एक एजंट म्हणतोय उत्पन्न फुगवून रिटर्न करून देतो, कर्ज लगेच पास.

ताई, एजंटला आजच नाही म्हणा. खोट्या आकड्यांवर सही मिस्टरांची असणार, त्याची नाही.

दिरांचं म्हणणं मात्र नीट बघायला हवं, कारण असं अर्ध्या बाजारपेठेला वाटतं. 2022 ची राज्याची अभय योजना आठवा, 10 लाखांपर्यंत थकबाकी असेल तर 20 टक्के भरा, बाकी माफ. पण ती जीएसटीच्या आधीच्या व्हॅट वगैरेच्या थकबाकीसाठी होती, म्हणजे ज्यांचं नाव आधीच खात्याच्या वहीत होतं त्यांना. जीएसटीमध्ये 2017-18 ते 2019-20 चं व्याज-दंड माफ झालं तेही नोटीस आलेल्यांना, आणि मूळ कर पूर्ण भरायलाच लागला. इन्कम टॅक्समध्ये 2016 ला उत्पन्न जाहीर करायची योजना आली तिचा दर तर सरळ 45 टक्के होता! बंगळुरूत जुलै 2025 मध्ये छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या, ओरड झाली, मग सरकार म्हणालं जुनं वसूल करत नाही पण नोंदणी घ्या. तो जीएसटीचा विषय, आणि ती माणसं आधी किती हादरली होती ते आपण टीव्हीवर बघितलंच.

तुमच्यासारख्यांसाठी जी सोय आहे ती आत्ताही चालू आहे, अपडेटेड रिटर्न, म्हणजे मुदत गेल्यावरही मागच्या वर्षांचं भरता येणारं रिटर्न. असेसमेंट वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून 4 वर्षांपर्यंत भरता येतं, फक्त कर आणि व्याजावर जादा कर लागतो आणि उशीर होईल तसा तो 25, 50, 60, 70 टक्के असा चढत जातो. तुमचा हिशोब नवीन कर पद्धतीने केला. 2024-25 चा कर सेससकट 31,200, व्याज, 25 टक्के जादा आणि 5 हजार लेट फी धरून जुलै 2026 मध्ये भरलं तर साधारण 55 हजार. 2023-24 चा कर 32,240, पण तिथे व्याज जास्त चढलंय आणि जादा कर 50 टक्के, म्हणून 80 हजारांच्या घरात. 2025-26 चं 9 लाखांवर शून्य, कारण 12 लाखांपर्यंत करच नाही, ते रिटर्न आधी भरून टाका. म्हणजे सगळे मिळून 1 लाख 35 हजार. 31 मार्च 2027 नंतर 2024-25 चा जादा कर 25 चा 50 टक्के होईल आणि 2023-24 चा 50 चा 60. थांबण्याची किंमत ही अशी आहे, आणि योजना आली नाही तर ती वाया.

कुणी म्हणेल 44एडी मध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांनी विक्रीच्या ठराविक टक्क्यांनी नफा धरायच्या कलमात, 6 आणि 8 टक्केच दाखवा, कर शून्य येईल. नको. प्रत्यक्षात जास्त उरलंय तर जास्तच दाखवायचं असतं, आणि अडीच लाख उत्पन्नावर बँक तुम्हाला उभंही करणार नाही.

ठेव सगळी मोडू नका. दीड लाखाची पावती वेगळी असेल तर तेवढीच मोडा, बाकी राहू द्या, गणपती-दिवाळीला चिरमुरे, शेंगदाणे, तेल रोखीनं भरायला लागतं तेव्हा हाताशी पैसा पाहिजे.

आता जे तुम्ही ओझरतं लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माल अथणी-कागवाडच्या दुकानांना जातो ना? ते कर्नाटक. राज्याबाहेर माल विकला की 40 लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणी नको ही सूट लागू होत नाही, जीएसटी नोंदणी पहिल्या पाकिटापासून लागते, आणि 1 टक्क्याची कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठोक कर भरायची सोपी योजना, ती पण मिळत नाही. ऐकायला वाईट वाटेल पण नमकीनचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झालाय, आणि रेग्युलर नोंदणी घेऊन मग मशीन घेतलं तर मशीनवरचे 1 लाख 8 हजार जीएसटी क्रेडिट म्हणून पुढच्या करातून वजा होतात. नोंदणीच्या आधी बिल फाडलं तर ते पैसे गेलेच समजा. मागे तिकडे गेलेल्या मालाचं सीएसोबत बसून काढा, नोटीस यायच्या आधी आपणहून कर आणि 18 टक्के व्याज भरलं तर सहसा दंड लागत नाही.

बँकेचं एक सांगतो, तिन्ही रिटर्न एकाच महिन्यात भरलेली दिसली की मॅनेजर बिचकतो. त्यामुळे शाखेत जाऊन आधीच विचारा की दोन वर्षांची चालतील का. चालत असतील तर 2025-26 आणि 2024-25 लगेच, 2023-24 चे 80 हजार आणि तोवर चढलेलं व्याज फेब्रुवारीपर्यंत दिवाळीच्या पैशातून भरा, सोडून मात्र देऊ नका. नाहीच चालली तर मशीन एक सीझन पुढे ढकला, तोपर्यंत सगळी विक्री त्याच खात्यात येऊ द्या.