पोटाचा पहिला एक्स-रे आहे म्हणून घाबरलायस? वाच

अरे माझे मुतखड्यापायी तीन-चार झालेत, दुखत काही नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. आधी चिठ्ठी नीट बघ, केयूबी (म्हणजे किडनी, मूत्रनळ्या आणि मूत्राशयाचा एक्स-रे) लिहिलं असेल तर पोट साफ करायची गोळी आदल्या रात्री घ्यायला सांगतात बरेचदा, मग सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जिलबी चापून जायचं की नाही ते सेंटरवरच विचार, मी न विचारता गेलो आणि गॅसमुळे फोटोत काही धड दिसेना, परत काढला. बेल्ट, करदोटा, खिशातली नाणी काढून ठेव. श्वास सोडून रोख म्हणतील तेव्हा हलायचं नाही. उभं राहून काढायला सांगितला तर आतडं अडलंय का, फुटून हवा बाहेर आलीये का ते बघायला असतो. रेडिएशन छातीच्या एक्स-रेपेक्षा जास्त, तरी सीटी स्कॅनपेक्षा बरंच कमी. वहिनींना कधी काढायचा झाला आणि दिवस गेल्याची शंका जरी असली तरी आधी सांगायचं, लाजायचं नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून नाचू नकोस, युरिक ॲसिडचा खडा त्यात दिसतच नाही, पित्ताचेही बहुतेक दिसत नाहीत, त्याला सोनोग्राफी किंवा सीटी लागतो. जुन्या फिल्म मात्र सोबत ने रे.