पैऱ्याची फेड पैशानं होते का?

प्रश्न : काकी, मी राधानगरी तालुक्यातला. पुण्यातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी गावी आलो. तीस गुंठे भात आहे. गेल्या सुगीत शेजारच्या घरातली चार माणसं दोन दिवस आमच्या कापणीला पैऱ्यानं, म्हणजे मजुरी न घेता कामाच्या बदल्यात काम या बोलीवर, आली. त्यांची कापणी धरली तेव्हा मी आईला घेऊन दवाखान्यात होतो, त्यामुळं जाता आलं नाही. नंतर मजुरीचे पैसे पाकिटात घालून त्यांच्या घरी गेलो, तर काकांनी पाकीट परत केलं. तेव्हापासून बोलणं तुटक आहे. यंदा भात पिवळं पडलंय आणि मजूर मिळत नाहीत. काय करू?

उत्तर : बाळा, आई आता बरी असेल अशी आशा करते. तू दवाखान्यात होतास म्हणून काका रागावले नसणार, ते पाकीट त्यांना लागलं. पैसे घ्यायचे असते तर ते पहिल्या दिवशीच मजुरीनं आले असते. पैरा म्हणजे हाताला हात. चार माणसं दोन दिवस राबली म्हणजे त्यांचे आठ गडी तुझ्याकडं बाकी आहेत, आणि ते गड्यांनीच फिटतील. घरातून दोघं जाणार असाल तर चार दिवस.

आज दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडं जा. स्वतःच्या भाताचा विषय काढू नकोस. "काका, कापणी कधी धरताय? मागचे आठ गडी माझ्याकडं राहिलेत," एवढंच बोल. कापणीच्या दिवशी विळा आपला घेऊन जा, तोही आदल्या दिवशी पाजळलेला. न्याहारीच्या वेळेला उगवू नकोस, तिच्या आधी एक वाफा तुझ्या हातचा आडवा झालेला दिसू दे.

आता पाळीचं. कुणाचं आधी कापायचं हे पिकावर ठरतं, घराच्या मोठेपणावर नाही. बांधाकडची लोंबी आधी पिकते आणि फसवते, म्हणून वाफ्याच्या मधली तोडून दाणा दाताखाली धरावा. कट्टकन तुटला तर विळा लावायचा, दबला तर अजून थांबायचं. काकांचं हिरवट असेल तर तेच म्हणतील, आधी तुझं धरूया. पण ते त्यांनी म्हणावं.

हे मी अनुभवानं सांगते. एका वर्षी चित्रा नक्षत्रात आमचं बावीस गुंठे कापून पडलं होतं. बांधायला येणार होते ते एका वजनदार घराकडं गेले, त्यांचं भात अजून उभं असताना. तिसऱ्या रात्री परतीचा पाऊस आला. सकाळी कडपं, म्हणजे कापून आडवं टाकलेलं भात, उलटली तर खालच्या लोंब्यांना नखाएवढे पांढरे मोड. तो आंबूस वास अजून नाकात आहे. त्या दिवशी आमचा एकही पैरा बाकी नसलेलं वरच्या आळीतलं एक घर आपणहून आलं आणि चिखलातून भारे काढून रस्त्याकडेला उभे केले. तेव्हापासून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी लिहून ठेवते, कोण आलं, किती दिवस, आपण कधी गेलो. त्या घराचं मात्र लिहीत नाही. त्यांच्याकडं नुसती जाते.

मळणी मशीन आलं म्हणून पैरा संपला असं समजू नकोस. भाडं भातवाल्यानं द्यायचं, पण पेंढ्या घालायला, पोती धरायला आणि पिंजर, म्हणजे मळलेला पेंढा, ओढायला पाच-सहा माणसं लागतातच. जेवण मात्र तुझ्या घरचं. भाकरी, आमटी, खर्डा पुष्कळ झालं, फक्त ते गरम गरम बांधावर पोचलं पाहिजे.

प्रश्न : आजरा घनसाळ हे वासाचं भात काढलं आहे. कणगीत कधी भरावं?

उत्तर : खायच्या भातात ओल चौदा टक्क्यांच्या वर नको, बियाण्यात बाराच्या. पण भर दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावर पसरू नका. दाणा एकदम वाळला की आतून चिरतो आणि गिरणीत कणी पडते. घनसाळाचा दाणा आधीच बारीक, कणी झाल्यावर दर कोण देणार? अंगणात पातळ पसरून सकाळचं ऊन द्या, दोन-तीनदा पाय फिरवा, दुपारी गोळा करून झाका. असं तीन-चार दिवस करा. भरायच्या आदल्या रात्री रास निवू द्या. कोमट भात कणगीत घातलं तर आत घाम धरतं.