चितवनला कधी जावे?

प्रश्न : नवेगावबांधचा तलाव आणि नागझिरा आम्हाला नेहमीचेच आहेत. यंदा धानाची मळणी आटोपल्यावर डिसेंबरात नेपाळमधील चितवन राष्ट्रीय उद्यानात जावे, असा विचार आहे. हा काळ योग्य ठरेल का?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : नदीवरचे पक्षी आणि घडियाल (लांब, निमुळत्या जबड्याची सुसर) पाहायचे असतील, तर डिसेंबर उत्तम, गेंडा मनसोक्त पाहायचा असेल, तर फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबावे. राप्ती आणि नारायणी या नद्यांच्या काठचे गवत हिवाळ्याच्या आरंभी माणसाहून कितीतरी उंच असते, त्यामुळे गेंडा अगदी जवळ असूनही केवळ शेंडे हललेले दिसतात. जानेवारीच्या सुमारास ते कापले-जाळले गेले, की कोवळ्या फुटव्यासाठी जनावरे उघड्यावर येतात. डिसेंबरात सकाळी धुके दाट असते, म्हणून ऊन वर आल्यावरच डोंग्यातून निघावे. वाळूच्या पट्ट्यांवर चक्रवाकांच्या जोड्या दिसतील आणि जबडा किंचित उघडा ठेवून उन्हात पडलेले घडियालही. प्रौढ नराच्या नाकपुड्यांवरील मडक्यासारखा फुगवटा दुर्बिणीतून स्पष्ट ओळखू येतो. सारसासाठी मात्र तिकडे वणवण करू नये, तो तुमच्याच जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत आहे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे.