शाफ्ट बॅलन्स झाला, तरी थरथर का थांबेना?

प्रश्न : मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या सेदानमध्ये मोठं इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स बसवला. गिअरबॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलकडे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, कापून जोडून घेतला. विल्होळीच्या पुढे हायवेला ८० गाठले की सीटखाली गुणगुण सुरू होते. अॅक्सिलरेटर दाबला की वाढते, सोडला की कमी होते. शाफ्ट दोनदा बॅलन्स केला, टायरही केले. फरक शून्य.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तिसऱ्यांदा बॅलन्सिंगला देऊ नका. आधी एक चाचणी घ्या. वेग ८० च ठेवून चौथ्यातून तिसऱ्यात या. आरपीएम बदलूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिनासोबत फिरणारे भाग, म्हणजे फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्रँक पुली निर्दोष सुटले; दुखणं गिअरबॉक्सच्या मागे आहे.

मग शेजारी बसणाऱ्याकडे मोबाइल द्या. कंपन मोजणारं अॅप हवं, सेकंदाला किमान २०० नोंदी घेणारं. फोन सीटच्या रुळावर घट्ट दाबून धरायचा. टायरचा घेर १.९ मीटर आणि क्राउन-पिनियनचं (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरजोडीचं) गुणोत्तर ३.९ धरलं, तर ८० ला चाक सेकंदाला ११.७ फेऱ्या मारतं आणि शाफ्ट सुमारे ४५.६. आलेखाचं टोक १२ हर्ट्झजवळ आलं तर टायर-रिम, ४५ जवळ आलं तर बॅलन्स किंवा वाकलेला शाफ्ट. ९१ जवळ, म्हणजे शाफ्टच्या दुप्पट, आलं तर क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन. तुमच्या वर्णनावरून आमचा संशय ९१ वर आहे.

कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टला प्रत्येक फेरीत दोनदा पुढे ढकलतो आणि दोनदा मागे ओढतो. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा चढउतार तिथे जिरतो. बॅलन्सिंग मशीनवर शाफ्ट सरळ फिरतो, त्यामुळे हा दोष तिथे दिसणारच नाही. दोनदा दिलेले पैसे इथे गेले.

आता मोजमाप. गाडी सपाट जागी, अॅक्सलवर पूर्ण वजन. जॅकवर लटकत्या अॅक्सलचं रीडिंग निरुपयोगी. शाफ्ट कापताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत जोडलेत ना, ते आधी बघा. वेल्डिंगच्या वेळी हे हमखास चुकतं. डायल गेजवर शाफ्ट मधोमध अर्ध्या मिमीपेक्षा जास्त आऊट नको. मग डिजिटल अँगल मीटरने तीन उतार घ्या : गिअरबॉक्स, शाफ्ट, पिनियन (अॅक्सलमधून पुढे शाफ्टकडे आलेला गिअर). समजा तिन्ही मागे उतरते आहेत आणि आकडे २.५, ५.५ आणि ४ अंश आले. पुढच्या क्रॉसचा कोन ३, मागच्याचा १.५. दोन्ही ३ च्या आत आणि फरक १ च्या आत हवा; इथे फरक १.५ आहे. त्यात अॅक्सिलरेटर दाबला की पिनियनचं तोंड आणखी वर उचललं जातं, मागचा कोन घटतो, फरक वाढतो. तुमची तक्रार नेमकी हीच.

नव्या बॉक्सची शेपटी उंच बसली, असा याचा अर्थ. इंजिनाच्या माउंटिंगपासून क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सची शेपटी पेलणारा आडवा पट्टा) ९० सेंमी असेल तर १ अंशाला सुमारे १६ मिमी लागतात. क्रॉसमेंबर आणि बॉडीमध्ये तेवढे स्पेसर घाला, बोल्ट लांब वापरा. नंतर पाटा (लीफ स्प्रिंग) आणि अॅक्सलमध्ये १ अंशाची पाचर घालून पिनियनचं तोंड खाली करा : पाटा अॅक्सलच्या वर असेल तर जाड बाजू पुढे, खाली असेल तर मागे. उलटी लागली की फरक वाढतो! १.३ मीटरच्या शाफ्टवर कोन १.३ आणि १.८ च्या आसपास येतील. कोन शून्य करायच्या नादी लागू नका. न हलणाऱ्या बेअरिंगच्या सुया क्रॉसमध्ये खड्डे पाडतात.

आणि हो, आरसीवर नव्या इंजिनाचा क्रमांक चढवला नसेल तर आरटीओचं काम आधी.

प्रश्न : पुढच्या चाकांवरची टर्बो हॅचबॅक, रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) केल्यापासून ४० ते ६० मध्ये जोरात दाबलं की डावी-उजवी हलल्यासारखी होते. टायर नवे आहेत.
— गंगापूर रोड

उत्तर : चाकाला ताकद देणाऱ्या एक्सलच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटकडे बघा. बूट (रबरी आवरण) सोडा, ग्रीस पुसा आणि कपच्या तिन्ही खोबणींवरून नख फिरवा. अडकलं, तर तिथे खाच पडली आहे. वाढलेल्या टॉर्कखाली रोलर त्यात अडतो. नुसतं ग्रीस बदलून भागत नाही, कप आणि ट्रायपॉड (तीन रोलरांचा आतला भाग) दोन्ही बदला. स्प्रिंग बदलून गाडीची उंची हलवली असेल तर ती मूळ जागी आणा, नाहीतर वाढलेल्या कोनामुळे नवा जॉइंटही तसाच खाल्ला जाईल.