सोल्डरिंग आयर्नची टिप काळी पडतेय? आधी हे बघ

अरे टिप लगेच फेकू नकोस, बऱ्याचदा ती खराब झालेली नसते, नुसती ऑक्सिडाइज झालेली (हवेतल्या ऑक्सिजनने काळा थर चढलेली) असते. आणि कानस किंवा पॉलिश पेपर तर अजिबात लावू नकोस, नवीन लोक हीच चूक सगळ्यात जास्त करतात. आत तांबं असतं, त्यावर लोखंडाचा पातळ थर, तो घासला गेला की सोल्डर तांबं खायला लागतं आणि मग टिप गेलीच समज.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- काम झालं की टिपवर ताजं सोल्डर लावूनच बंद कर. पुसून कोरडी ठेवतात सगळे, तिथेच गडबड होते.
- टेंपरेचर ३२० ते ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास. साधं ६०/४० (६०% कथील, ४०% शिसं) सोल्डर १९० च्या आतच वितळतं, उगाच ४५० ला ठेवून टिप जाळू नकोस.
- पुसायला पितळी जाळी घे, स्पंज असेल तर नुसता ओलसर.

काळेपणा फ्लक्स (ऑक्साइडचा थर काढणारा पदार्थ) आणि भरपूर सोल्डर लावून बहुतेक वेळा निघतो. पण खड्डा पडला असेल तर मात्र बदल, प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर, आणि तुझ्या आयर्नच्या मॉडेलचीच टिप घे. शक्यतो छोटी चिझल (छिन्नीसारख्या चपट्या टोकाची) घे, सुईसारखीने उष्णता नीट पोचत नाही.