ट्रॉम्सो ते लाँगइअरबीन: अंतर, विमान आणि व्हिसाचा घोळ

नॉर्दर्न लाइट्सचं बुकिंग सुरू झालं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतेय. ट्रॉम्सो नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, आणि लाँगइअरबीन त्याच्याही वर, नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवर.

प्रश्न: दोन्ही गावांत अंतर किती, विमानाला वेळ किती?
हवाई अंतर साधारण ९६० किमी, डायरेक्ट विमानाला दीड ते पावणेदोन तास.

प्रश्न: मॅपवर तर खूपच लांब दिसतं, आणि ग्रुपवर कुणीतरी पाच तास लिहिलंय?
मॅप सपाट करताना ध्रुवाजवळचा भाग ताणला जातो, म्हणून लांब दिसतं. मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी आहे हे अंतर. पाच तास बहुतेक ओस्लोपासून मोजलेत, ट्रॉम्सोचा थांबा धरून, कारण त्या विमानातल्या लोकांनासुद्धा ट्रॉम्सोला उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो. ऐकीव आकडे धरू नका, तुमच्या तारखेची वेळ एअरलाइनकडेच बघा.

प्रश्न: गाडीने किंवा फेरीने जाता येईल का?
नाही. मध्ये समुद्र आहे आणि मेनलँडवरून नियमित प्रवासी फेरी नाही.

प्रश्न: एजंट म्हणतो स्वालबार्डला व्हिसाच लागत नाही, मग सिंगल एंट्री शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, एकदाच आत जाता येणारा) पुरेल ना?
नाही पुरणार! हे अर्धवट वाक्य ऐकलं की खरंच काळजी वाटते. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे बरोबर, पण स्वालबार्ड शेंगेनमध्ये नाही आणि तिथं जायला-यायला तुम्ही नॉर्वेच्या मेनलँडवरूनच जाणार. म्हणजे मुंबईहून ट्रॉम्सोला पोचलात ही पहिली एंट्री, तिथं पासपोर्ट दाखवून लाँगइअरबीनच्या विमानात बसलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर, आणि चार दिवसांनी परत उतरलात की ती दुसरी एंट्री, जी तुमच्याकडे नाहीच. पॅकेजवर मोठ्या अक्षरात 'व्हिसा फ्री' छापायचं आणि हे सांगायचं नाही, ही फसवणूकच आहे. अर्जातच दोन किंवा मल्टिपल एंट्री मागा, लाँगइअरबीनचं जायचं-यायचं बुकिंग जोडा. पासपोर्ट हातात आला की तिथंच उभं राहून स्टिकरवरचा 'नंबर ऑफ एंट्रीज'चा रकाना वाचा, ०१ असेल तर निघायच्या आधी बोला, विमानतळावर नाही. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो आणि लोक मला तीन आठवडे उरल्यावर विचारतात, असं कृपा करून करू नका. आणि एजंटचं तोंडी उत्तर सोडा, व्हिसा सेंटरला किंवा दूतावासाला लेखी विचारा.

प्रश्न: ट्रॉम्सोला दोन वेगळी तिकिटं, मध्ये दीड तास. चालेल?
मी असं कुणालाच सुचवत नाही. बॅगा घ्या, परत चेक-इन, मग पासपोर्टची रांग, आणि बर्फाने पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे गेले. एक रात्र ट्रॉम्सोला राहा.

प्रश्न: आई ७२ वर्षांची, हार्टची गोळी चालू आहे. डिसेंबरमध्ये नेऊ का?
विमानाचा वेळ फार नाही, पण पुढचं ऐका. लाँगइअरबीनचं हॉस्पिटल छोटं आहे, सीरियस पेशंटला विमानाने ट्रॉम्सोलाच आणतात, म्हणजे हेच ९६० किमी, आणि हवामान खराब असेल तर थांबावं लागतं. शिवाय डिसेंबरमध्ये तिथं सूर्य उगवतच नाही, दिवसभर अंधार आणि पायाखाली बर्फ. आधी त्यांच्या कार्डिओलॉजिस्टला भेटा, आणि इन्शुरन्सवाल्यांकडून लिहून घ्या की स्वालबार्ड आणि तिथून पेशंटला हलवायचा खर्च दोन्ही कव्हर आहेत. तोवर तिकीट काढू नका.